येऊन राह्यली

यंदा हरभरा चांगला आहे. घाटे भरलेत, आणि सकाळी वावरात शिरलं की पोटऱ्यांना आंब लागते. हरभऱ्यातून जो कधी अनवाणी चालला नाही त्याला आंब सांगणं कठीण आहे. पानांवर रात्रभर साठलेलं ते आंबट पाणी. पायाला भेगा असतील तर झोंबतं आणि बोट चाटलं तर तोंडाला पाणी सुटतं. मला भेगाही आहेत आणि बोट चाटायची सवय चौसष्टाव्या वर्षीही गेलेली नाही. आज बांधावर उभं राहून बोट चाटलं, आणि चार वर्षांपूर्वीचा हरभरा जसाच्या तसा जिभेवर आला. त्या हरभऱ्यात आम्ही तिघं होतो. यंदा मी एकटा आहे.

आमचं घर धाड या गावी. घर म्हणजे खरं तर बाईचं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. भाऊजी गेल्यावर तिनं वावर सोडलं नाही. माझं लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं, म्हणून नोकरी संपल्यावर मी पेटी उचलून तिच्याकडे आलो. तिनं एकच विचारलं, भाकर ज्वारीची चालते ना. पेटी कोपऱ्यात गेली आणि मी त्या घरचा झालो.

नोकरीत मी मराठीचा मास्तर होतो. तीस वर्षं शिकवलं, आणि त्यातली निम्मी तरी पोरांच्या वह्यांतली वऱ्हाडी खोडण्यात गेली. ‘मी वावरात जाऊन राह्यलो होतो’ असं दिसलं की माझी लाल शाई आपोआप वाहायची. समासात मी लिहायचो, ‘जात होतो’. चालू असलेलं काम आमच्याकडे असंच सांगतात. जाऊन राह्यलो म्हणजे जातो आहे, खाऊन राह्यलो म्हणजे खातो आहे. पुण्याच्या माणसाला मात्र वाटतं की हा जाऊन तिथेच मुक्कामाला राहिला. बाबांनो, बाहेर असं बोललात तर लोक भलताच अर्थ काढतील, असं मी पोरांना बजावायचो. ती हसायची. त्यांच्यातलं कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

मी धाडला आल्याच्या दुसऱ्या वर्षी सॉलोमन सर आले. जालन्याकडचे, माझ्याच वयाचे, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत जाडजूड कोश. बायबल वऱ्हाडीत आणायचं काम त्यांच्या संस्थेनं त्यांच्याकडे दिलं होतं. हिब्रू आणि ग्रीक त्यांना येत होतं, वऱ्हाडी येत नव्हती. मी म्हटलं, मी दर शनिवारी मारुतीला तेल घालणारा माणूस, तुम्हाला माझा काय उपयोग. ते म्हणाले, तुमची श्रद्धा तुमच्याजवळ राहू द्या, मला तुमचा कान पाहिजे. बाई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. सर गेल्यावर भाकर उलटवता उलटवता ती म्हणाली, "जलमभर खोडलं. आता बसून लिहून दे."

काम असं चालायचं. सर एकेक वाक्य शब्दाला शब्द सांगत, मी ते आमच्या बोलीत बसवायचो. मग ज्यानं ते कधी ऐकलेलं नाही अशा माणसाला वाचून दाखवायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. कोण बोलतंय, कुणाला, आणि का. तो जे सांगेल ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. त्याला सुचवायचं नाही, चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही, चेहऱ्यावरसुद्धा काही दिसू द्यायचं नाही. या कामाला आम्ही ऐकणी म्हणायचो आणि सर त्यात फार कडक होते. शेजारच्या दोघीतिघींवर करून पाहिलं, पण त्या पाहुण्याचा मान म्हणून सगळ्यालाच हाव, म्हणजे हो, म्हणायच्या. बाई कशालाच हाव म्हणाली नाही. तीच आमची ऐकणारी ठरली.

सर बाजाराच्या दिवशी एसटीनं यायचे. हरभरा भरात होता, आणि रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप घुसला तर एका सकाळीत वावर मोकळं करतो, म्हणून बाई वावरातून हलायला तयार नसे. मग आमची ऐकणीच वावरात गेली. विहिरीजवळ तुराट्या पेटवायच्या, त्यावर हिरवा हरभरा झाडासकट धरायचा, घाटे तडतडले की विझवून राख चाळत दाणे वेचायचे. याला आमच्याकडे हुळा म्हणतात. हुळा खाणाऱ्याचे ओठ, हात, सदरा, सगळं काळं होतं. सरांचा पांढरा सदरा पहिल्याच दिवशी गेला. काळ्या ओठांनी ते हिब्रू म्हणायचे, आणि पलीकडच्या गव्हात तुषारांची टकटक चालू असायची. ती भाषा मला काही कळत नव्हती. पण घशातून येणारे तिचे आवाज आणि धुराचा वास माझ्या डोक्यात एकत्र बसलेत, ते काही केल्या सुटे होत नाहीत.

हिब्रूत जोर द्यायचा तर शब्द दोनदा म्हणतात, हे मला सरांकडून कळलं. सोनं सोनं म्हणजे अस्सल सोनं. शालोम शालोम म्हणजे जिच्यात कुठे काही उणं नाही अशी शांती. मला वाटलं, हे तर आपल्याकडेही आहे, गरम गरम भाकर, गार गार पाणी. मी उत्साहानं ‘सोनं सोनं’ लिहिलं. बाईला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, पोरगी दुकानात जाऊन हट्ट करून राह्यली असं वाटते. मग तिनं एक पोपटी घाटा सोलला आणि दाणा सरांच्या तळहातावर ठेवला. हा कसा लागतो, तर आंबट आंबट. म्हणजे पुरता आंबट नाही, जरासा. तो पलीकडचा गहू पिवळा पिवळा दिसतो, म्हणजे अजून पिवळा झालेला नाही. आमच्याकडे दोनदा म्हटलं की कधी दुप्पट होतं आणि कधी निम्मं होतं. सरांनी ते सगळं वहीत टिपून घेतलं आणि दाणा खाल्ला.

क्रियापदंही ते लोक दोनदा म्हणत. देव पहिल्या माणसाला एक फळ खाऊ नको म्हणतो तिथे शब्दाला शब्द ‘मरून मरशील’ असं आहे. बाईनं लगेच अडवलं. एकडाव मेलेला माणूस आणखी कसा मरतो, असा तिचा प्रश्न. ग्रीकांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या एका वाक्यात सोडून न जाण्याचं वचन आहे, आणि ते पक्कं करायला त्यांनी पाच नकार एकापुढे एक ठेवलेत. मी पाचही नाई कसेबसे एका वाक्यात कोंबले. बाईनं ते बोटांवर मोजले आणि म्हणाली, इतक्या डाव नाई म्हणणारा माणूस वचन देत नाही, भांडून राह्यला. मग तुम्ही कसं म्हणाल, असं सरांनी विचारलं. ती राखेत दाणे शोधत होती. वर न बघता ती म्हणाली, "तुले टाकून कुठी जाईन मी?"

त्यात एकही नकार नव्हता. सरांनी मांडीवरचा कोश मिटला. मग म्हणाले, पाच नकारांचं काम या बाईंनी एका प्रश्नात केलं. मी ते वाक्य तसंच लिहून घेतलं. त्या वेळी मला ते फक्त एक चांगलं वाक्य वाटलं होतं.

‘झालं’ या शब्दावर तर आमचा एक अख्खा बाजाराचा दिवस गेला. सर म्हणाले, ग्रीकात क्रियापदाचं असं एक रूप आहे की काम तेव्हा झालं आणि आजही ते झालेलंच आहे. मरता मरता एक माणूस तसा एकच शब्द बोलतो. मी ‘सरलं’ लिहिलं होतं. बाई म्हणाली, सरते ते तेल. मी ‘आटोपलं’ केलं. ती म्हणाली, हा आवराआवर करून राह्यला काय. शेवटी तिनं ‘पार पडलं’ दिलं, जे आपण लेकीच्या लग्नाचं म्हणतो. मांडव उठतो, पाहुणे जातात, घर रिकामं होतं, पण लग्न पार पडलं ते पडलंच.

आणि मग ते वाक्य आलं ज्याच्यासाठी हे सगळं लिहितो आहे. एका जुन्या संदेष्ट्याला देव सांगतो की जे यायचं आहे त्याला वेळ लागेल, तरी वाट बघ. पुढे दोन शब्द, बो याव्हो. तेच क्रियापद दोनदा. येऊन येईल. मी ‘नक्की येईन’ लिहिलं, वऱ्हाडीत ‘तो येईल’ला ‘तो येईन’ म्हणतात तसं. बाई म्हणाली, हे पत्रातलं झालं. मी ‘येईनच’ केलं. ती म्हणाली, च लावला की समजायचं, म्हणणाऱ्यालाच शंका हाये. व्याकरणाच्या पुस्तकांत मी तीस वर्षं च ला निश्चयार्थी म्हणून शिकवत आलो होतो. तिनं ते एका वाक्यात उडवलं आणि ते खरं होतं. आपण येईलच म्हणतो ते अर्धी वाट डोळ्यांनी संपवल्यावरच म्हणतो.

आम्ही दोघं डोकं धरून बसलो. तेवढ्यात धुरानं सरांना ठसका लागला. बाई उठली, कळशी उचलली आणि विहिरीकडे जाता जाता म्हणाली, "बसा, पानी घेऊन मी आलीच समजा."

सर ठसका विसरले. ती अजून दहा पावलंही गेली नव्हती आणि तिनं आपलं येणं उरकूनही टाकलं होतं. त्यांनी मला ते वाक्य दोनदा म्हणायला लावलं. हिब्रूवाले क्रियापद दोनदा ठोकतात, तुम्ही होणारी गोष्ट झालेली म्हणूनच मोकळे होता, असं ते म्हणाले. आम्ही लिहिलं: वेळ लागला तरी वाट पाह्य, तो आलाच समज. बाई पाणी घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं काळ्या तोंडांनी हसत होतो. इतकं सुख मला मास्तरकीत कधी झालं नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसही झाले नसतील. बाईच्या लेकाकडे, प्रकाशकडे, पुण्याला पहिली मुलगी झाली होती आणि मदतीला कुणी नव्हतं. बाई पंधरा दिवसांसाठी निघाली. गाठोड्यात बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणि एका पिशवीत टहाळ, म्हणजे हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या. निघायच्या चार दिवस आधी तिनं स्वतः फोन लावला होता. प्रकाश कामावर होता, फोन सुनेनं घेतला. सून पुण्याचीच, तिचं नाव स्नेहल, पोर गुणाची. बाई फोनवर मोठ्यानं बोलते. मी खाटेवर बसून ऐकत होतो. ती म्हणाली, "पोरी, काळजी नको करू. मी येऊन राह्यली."

मी येते आहे, एवढंच ती म्हणाली होती. माझ्या कानाला त्यात काही खटकलं नाही.

एसटीच्या खिडकीतून तिनं मला सांगितलं, हरभरा सोंगायच्या, म्हणजे कापायच्या, आत मी आलीच समज. आमच्याकडे निघताना जातो असं कुणी म्हणत नाही, येतो म्हणतात; ती तर आलीच म्हणून बसली. गाडी धाडच्या फाट्यावरून वळली आणि मी घरी येऊन कालवण गरम केलं. दोघांचं होतं, मी एकट्यानं खाल्लं.

तीन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज बारीक. पलीकडे कुणी ऐकू नये असा. स्नेहलनं तिच्यासाठी एक खोली रिकामी केली होती. भिंतींना रंग दिला होता, नवी खाट घेतली होती, खिडकीत तुळस ठेवली होती, आणि इमारतीतल्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं की आमच्या सासूबाई आता कायमच्या राहायला येताहेत, त्यांनी स्वतःच फोनवर सांगितलं, मी येऊन राहीन म्हणून. प्रकाश तर रडलाच म्हणे, आई आपणहून आली म्हणून. तीस वर्षं ज्या चुकीवर मी लाल रेघ ओढली, ती अशी घरात येऊन बसली होती. मी म्हटलं, मी सांगतो प्रकाशला, हा बोलीतला घोळ आहे. ती म्हणाली, "सांगू नको बाळू. त्या पोरीनं खोली रंगवली. आता तिले कोन्या तोंडानं सांगू?"

मी सांगितलं नाही. बाईनं नको म्हटलं म्हणून, हे खरं. पण त्याहून खरं असं की मला ते सोपं गेलं. सांगायला बसलो असतो तर पुढचं वाक्यही बोलावं लागलं असतं, की मला इथे एकट्याला करमत नाही. ते माझ्या तोंडून चार वर्षं निघालं नाही. माणसानं म्हाताऱ्या बहिणीला लेकाच्या घरून परत बोलवायचं, ते कशासाठी, तर आपल्या भाकरीसाठी? असं मी मला समजावत आलो. आता चार वर्षांनी लिहितो की भाकरीचा त्यात काही संबंध नव्हता. तिच्यावाचून मला वाईट वाटतं, इतकंच होतं.

त्या वर्षीचा हरभरा मी बाया लावून सोंगला. सॉलोमन सरांना संस्थेनं दुसऱ्या बोलीच्या कामावर पाठवलं. त्यांची चार ओळींची पत्रं येतात. वावरात हुळा पेटवायचा मी दोनदा प्रयत्न केला. एकट्याचा हुळा होत नाही. एकानं झाड धरायचं असतं आणि दुसऱ्यानं जाळ सारायचा असतो.

गावात लोक विचारतात, बाई कुठी हाये. मी सांगतो, पुण्याला गेली आहे. ‘राहते’ असं मी अजून एकदाही म्हटलेलं नाही. गेली आहे, यात परत यायची सोय असते. बैठकीत तिची काठी आहे, तिच्या चपला आहेत, त्यांच्यावरची धूळ मी झटकतो. ग्रीकांचं ते क्रियापद मला आता चांगलं समजतं, तेव्हा झालं आणि आजही झालेलंच आहे असं. सरांनी एकदा हिब्रूतला आणखी एक जोडशब्द सांगितला होता, बेखू वाखो. रडून रडा. मेलेल्यासाठी रडू नका, जो निघून गेला त्याच्यासाठी रडून रडा, असं काहीसं ते होतं. जिवंत माणसासाठी इतकं कशाला रडायचं, असं मी तेव्हा विचारलं होतं. सर म्हणाले होते, हे भाषांतरात येणार नाही, ते ज्याचं त्याला येतं.

बाई दर रविवारी फोन करते. पहिल्या वर्षी ती फोनवर ओरडून बोलायची. मग आवाज खाली आला, कारण भिंतीपलीकडे लोक राहतात. मग भाषा बदलायला लागली. नात बोलायला शिकली तशी आजीला शिकवायला लागली. राह्यली नाही आजी, राहिले म्हणायचं. बाई हसून तसं म्हणते. मले चं मला झालं, हाये चं आहे झालं, हाव चं हो झालं. मी बरी आहे, तू कसा आहेस, असं ती मला विचारते. जी मराठी मी तीस वर्षं पोरांकडून मागत होतो ती शेवटी माझ्या बहिणीनं बोलून दाखवली, आणि मला ती ऐकवत नाही. फोन ठेवला की वाटतं, कुणीतरी बाईची निगुतीनं शुद्ध प्रत काढून पाठवली आहे.

गेल्या आठवड्यात संस्थेकडून लिफाफा आला. छपाईच्या आधीची शेवटची तपासणी. आमच्या बहुतेक वाक्यांवर खूण होती, एकावर प्रश्न. ‘तो आलाच समज’. तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, यातून खात्री पोहोचते का, की नुसती समजूत काढल्यासारखं वाटतं? गावात पुन्हा ऐकणी घ्या. खाली रकाने होते, ऐकणाऱ्याचं उत्तर, अर्थ पोहोचला का, हो किंवा नाही.

चार दिवस मी तो कागद खिशात घेऊन हिंडलो. एरवी असले कागद मी बसल्या जागी भरतो. पण यावर ‘नाही’ लिहिलं तर काय होतं ते मला ठाऊक होतं. एसटीच्या खिडकीतून ऐकलेलं वाक्य मी चार वर्षं जपून ठेवलं होतं, आणि ते खोटं असल्याचा दाखला माझ्याच हातानं द्यायचा होता. शेजारणीला वाचून दाखवलं. ती हाव म्हणाली. मला फार बरं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. सर असते तर म्हणाले असते, ही ऐकणी नव्हे.

ऐकणारा नवा हवा, हा नियम मी मोडला आणि काल रविवारी, बाईचा फोन आल्यावर, तिलाच वाचून दाखवलं. चार वर्षांत ती विसरली असेल अशी मी माझी समजूत घातली. ती खिडकीजवळ एकटी होती, बाकीचे बाहेर गेले होते. मी वाचलं: वेळ लागला तरी वाट पाह्य, तो आलाच समज. मग नेहमीचे प्रश्न विचारले, शाळेतल्यासारखे, आवाज कोरडा ठेवून. कोन बोलून राह्यलं, कोनाले, अन् काऊन.

खिडकी लावल्याचा आवाज आला. मग बोलली ती आपल्या जुन्या आवाजात. "जानारा बोलून राह्यला. मांगं राह्यलेल्याले. काऊन म्हनशील तं त्यानं रडू नाई म्हनून."

मी लिहून घेतलं. नियम असा की चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. फोनवर चेहरा दिसत नाही, हे बरं झालं. मग मी तिला शेवटचा, नेहमीचा प्रश्न विचारला, की तो खरंच येणार असेल तर तू कसं म्हणशील.

ती म्हणाली, त्यात काय इतकं, तो येऊन राह्यला असं लिही. निंगाला तो, रस्त्यात हाये, दिसत नाई इतकंच. त्याले काई समजाचं नाई अन् जोर बी द्याचा नाई.

पेन माझ्या हातात होतं. दोन क्रियापदं, एक येण्याचं आणि एक राहण्याचं, एकमेकांना धरून उभी. हिब्रूत तरी एकच क्रियापद दोनदा होतं. आमच्या बोलीत ते अजून वाटेत असतं आणि तेवढ्यातच येऊन राहिलेलंही असतं. हेच मी हजारो वह्यांतून खोडलं होतं. मी ‘आलाच समज’वर रेघ मारली, ‘नाही’वर खूण केली, आणि खाली लिहिलं: वेळ लागला तरी वाट पाह्य, तो येऊन राह्यला.

मग तिनं हरभऱ्याचं विचारलं. मी सांगितलं, येत्या हप्त्यात सोंगणी आहे, विहिरीजवळचा तुकडा उशिरा पेरला म्हणून अजून हिरवा आहे. ती म्हणाली, आंब कशी हाये. मी म्हटलं, चांगली आहे. एवढ्यावर बोलणं थांबायला पाहिजे होतं, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, मले करमत नाई. तू येतं का?"

ती रडली नाही. तिकडे दाराची घंटा वाजली, नातीचा आवाज आला, आजी, आजी. बाई फोनच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "मी तं येऊन राह्यली, बाळू." आणि फोन ठेवला.

धाडच्या मराठीत याचा अर्थ, मी निघाले आहे. पुण्याच्या मराठीत याचा अर्थ, मी इथे आले आणि राहिले. ती कोणत्या मराठीत बोलली ते मी पुन्हा फोन करून विचारलेलं नाही. आज सकाळी सोंगणीच्या बायांना मी एवढंच सांगून आलो की सगळं वावर सोंगा, विहिरीजवळचा तेवढा तुकडा राहू द्या.